सरकारी खर्चातून कोणते उपचार व्हावेत? सिकलसेलच्या चार किमतींवरून समजून घेऊ

विदर्भातील वाचकाला सिकलसेल म्हणजे काय, हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि खुद्द नागपूर जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांनी हा आजार घरातच पाहिलेला आहे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि वेदनेचा झटका आला की रुग्णाला रात्री-अपरात्री नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा डागा यांपैकी एखादे सरकारी रुग्णालय गाठावे लागते. करदात्यांच्या पैशातून कोणते उपचार व्हावेत, हा गुंतागुंतीचा प्रश्न उलगडायला हा आजार विशेष सोयीचा आहे, कारण त्यावर चार अगदी वेगवेगळ्या किमतींचे उपाय आज अस्तित्वात आहेत.

पहिला उपाय रक्तचाचणीचा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचे जनुक दोघांच्याही अंगात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. ही गोष्ट लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच कळावी म्हणून करायची प्राथमिक चाचणी अत्यंत स्वस्त आहे. दुसरा उपाय हायड्रॉक्सीयुरिया या कॅप्सूलचा. ती रोज घेतल्यास वेदनेचे झटके आणि रुग्णालयात भरती होण्याची वेळ, दोन्ही कमी होतात, आणि तिचा खर्च महिन्याकाठी काही शे रुपयांच्या घरात राहतो. तिसरा उपाय बोनमॅरो, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेच्या, प्रत्यारोपणाचा. जुळणारा भाऊ किंवा बहीण दाता म्हणून मिळाल्यास आजार मुळापासून बरा होऊ शकतो, पण खर्च लाखांत जातो. चौथा उपाय जनुकीय उपचाराचा, म्हणजे रुग्णाच्या पेशींतील जनुकातच बदल करण्याचा. कॅसजेव्ही या नावाच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्यता दिली; अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये होती.

आता हिशेब करून पाहू. कॅप्सूल आणि नियमित तपासण्या मिळून एका रुग्णाचा वर्षाचा खर्च ५,००० रुपये धरला, तर १८ कोटींत एका माणसाचा जनुकीय उपचार होईल किंवा ३६,००० रुग्णांची वर्षभराची औषधे येतील. हा आकडा पाहिल्यावर उत्तर सोपे वाटू लागते, पण ते तितके सोपे नाही. कारण कॅप्सूल घेणारा रुग्ण बरा होत नाही. तो आयुष्यभर घेत राहतो आणि तरीही काहींना झटके येतच राहतात. शिवाय किंमत ही दगडावरची रेघ नसते. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने जानेवारी २०२५ मध्ये हाच उपचार सिकलसेलच्या काही ठरावीक रुग्णांसाठी स्वीकारला, तो कंपनीशी दराची घासाघीस करून आणि पुढील काळात परिणामांची माहिती गोळा करण्याची अट घालूनच. म्हणजे एखादा उपचार महाग आहे म्हणून त्याला कायमचा नकार देणे आणि तो जीव वाचवतो म्हणून कोणत्याही किमतीला होकार देणे, या दोन्ही टोकांच्या मध्ये बराच रस्ता आहे.

आपल्या राज्यात सरकारी पैसा रुग्णापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो, आणि चर्चेत या दोन वाटांची सरमिसळ फार होते. पहिली वाट म्हणजे सरकारने स्वतः चालवलेली रुग्णालये: डॉक्टरांचे पगार, खाटा, यंत्रे आणि औषधे यांवर थेट खर्च होतो. दुसरी वाट योजनेची. २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली आणि अमरावतीसह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर लागू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले, आणि २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली. या वाटेत सरकार आजारानुसार ठरलेल्या पॅकेजचे पैसे रुग्णालयाला देते, मग ते रुग्णालय सरकारी असो वा खासगी. रुग्ण आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, कागदपत्रे देतो, रुग्णालय पूर्वमंजुरी मागते आणि मंजुरी आल्यावर उपचार होतात. या संपूर्ण यंत्रणेचा कणा म्हणजे उपचारांची यादी. यादीत नाव असेल तर पैसे मिळतात, नसेल तर मिळत नाहीत.

जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने या योजनेचे वार्षिक संरक्षण कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेले, केशरी-पिवळ्या रेशनकार्डाची अट काढून सर्व कुटुंबांना त्यात घेतले आणि उपचारांची संख्या १,३५६ केली. त्या वेळी ३२८ उपचार नव्याने आले आणि १८१ वगळले गेले. वगळण्याचे कारण देण्यात आले ते असे की त्यांना मागणी नव्हती. मला हे कारण बराच काळ खटकत आले आहे. एखाद्या उपचाराला मागणी नाही, याचा अर्थ त्याची गरज नाही, असाही असू शकतो. पण ठरलेला दर रुग्णालयांना परवडत नाही म्हणून ती तो उपचार देऊ करत नाहीत, किंवा असा उपचार योजनेत आहे हेच गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडच्या रुग्णाला ठाऊक नाही, असाही असू शकतो. मागणी मोजणे सोपे असते, फायदा मोजणे कठीण असते, आणि यादी करताना सोपे तेच मोजले जाण्याचा मोह मोठा असतो.

फायदा मोजायचा कसा, याची एक पद्धत इंग्लंडने बसवली. १९९९ मध्ये तिथे नाईस ही संस्था स्थापन झाली. एखाद्या औषधाने माणसाला किती जादा वर्षे मिळतात आणि ती वर्षे किती धडधाकट असतात, या दोन्ही गोष्टी एकत्र करून ती संस्था एक परिमाण काढते. पूर्ण निरोगी अवस्थेतील एक वर्ष म्हणजे एक एकक, आणि अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेतील वर्ष म्हणजे त्याचा काही अंश. असे एक एकक मिळवायला किती खर्च येतो ते पाहिले जाते, आणि बराच काळ त्याची मर्यादा २० ते ३० हजार पौंड धरली गेली. अत्यंत गंभीर किंवा दुर्मीळ आजारांना त्यात सवलत मिळते. भारतातही आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत अशा मूल्यमापनाची यंत्रणा २०१७ पासून आहे, पण सामान्य वाचकाने तिचे नावही सहसा ऐकलेले नसते.

मात्र केवळ गणितावर विसंबले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने घालून दिले. गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतून त्या राज्याने १९८७ मध्ये अनेक अवयव-प्रत्यारोपणे वगळली आणि तो पैसा गरोदर स्त्रियांच्या तपासणीसारख्या कामांकडे वळवायचे ठरवले. त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा बोनमॅरो प्रत्यारोपणासाठी लोकवर्गणी जमत असतानाच दगावला आणि राज्यभर गदारोळ झाला. त्यानंतर तिथे हिशेबाने पक्की यादी करण्याचे काम हाती घेतले गेले. प्रत्येक उपचाराचा खर्च आणि फायदा संगणकात घालून १९९० मध्ये जी पहिली यादी निघाली, तीत दाताला टोपी बसवण्याचा क्रमांक गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाच्या शस्त्रक्रियेच्या वर लागला. ती शस्त्रक्रिया वेळेत झाली नाही तर बाई दगावते; पण दाताची टोपी इतकी स्वस्त की गणितात तीच जिंकली. अखेर ती यादी बाजूला ठेवून माणसांनी बसून, लोकांच्या सभा घेऊन, क्रम हाताने दुरुस्त केला. गणित चुकीचे होते असे नव्हे; जीव वाचवणे आणि त्रास कमी करणे यांतील फरक त्या गणिताला सांगितलाच गेला नव्हता.

थायलंडचा अनुभव मला आपल्यासाठी अधिक जवळचा वाटतो. त्या देशाने २००२ मध्ये सर्वांसाठी सरकारी आरोग्य-संरक्षण लागू केले, तेव्हा मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे डायलिसिस त्यातून वगळले होते, कारण हिशेबात ते बसत नव्हते: खर्च आयुष्यभराचा आणि मिळणाऱ्या वर्षांच्या मानाने फार मोठा. परिणाम असा झाला की डायलिसिसपायी कुटुंबेच्या कुटुंबे कर्जात बुडू लागली. २००८ मध्ये सरकारने ते योजनेत घेतले, पण घरच्या घरी पोटातून करता येणाऱ्या डायलिसिसला पहिले स्थान देऊन. म्हणजे गणिताने नाही म्हटलेली गोष्ट दुसऱ्या कसोटीवर स्वीकारली गेली, आणि ती कसोटी होती घर वाचवण्याची. नागपुरात आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी यवतमाळ किंवा गोंदियाहून येणाऱ्या माणसाचा विचार केला, तर ही कसोटी लगेच पटते: यंत्रावरचे चार तास फुकट झाले तरी गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि बाहेरून आणायची इंजेक्शने हा खर्च उरतोच. केंद्राने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर करून जिल्हा रुग्णालयांपर्यंत यंत्रे नेण्याचे ठरवले, त्यामागचा मोठा युक्तिवाद हाच होता.

तेव्हा कसोट्या किमान तीन झाल्या: उपचाराचा खरोखर गुण येतो का, खर्चाच्या मानाने तो किती येतो, आणि सरकारने पैसे दिले नाहीत तर कुटुंब उद्ध्वस्त होईल का. पहिली कसोटी ओलांडल्याशिवाय पुढच्या दोघींकडे वळण्यात अर्थ नाही. ज्या उपचाराचा गुण चाचण्यांत दिसलेला नाही, तो कितीही स्वस्त, कितीही लोकप्रिय आणि कितीही जुना असला तरी त्यावर सर्वांच्या पैशाचा खर्च होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१७ मध्ये होमिओपॅथीची औषधे लिहून देणे थांबवण्याची शिफारस केली ती याच कारणाने.

येथे सर्वांचा पैसा म्हणताना एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. करदाता म्हणजे केवळ आयकर भरणारा पगारदार नव्हे. साबण, चप्पल आणि मोबाइलचे रिचार्ज घेणारी सिरोंच्याची शेतमजूर बाईही कर भरतच असते. त्यामुळे करदाते एकीकडे आणि लाभार्थी दुसरीकडे अशी मांडणी मुळातच चुकीची आहे.

या कसोट्या लावल्या की यादीच्या काठावरचे काही नेहमीचे वाद बऱ्यापैकी सुटतात. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया योजनेत नको, यावर फारसे दुमत नाही. पण स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या हाताची बोटे आक्रसून चिकटली असतील तर ती सोडवणारी शस्त्रक्रियाही प्लास्टिक सर्जनच करतात, आणि तिच्याशिवाय त्या माणसाला काम करता येत नाही. दुभंगलेल्या ओठाचे तसेच आहे. निकष शस्त्रक्रियेच्या नावाचा नसावा, तिने काय परत मिळते याचा असावा. वंध्यत्वाच्या बाबतीत सरसकट नकार मला मान्य नाही, कारण आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि क्षयावरची औषधे तर सरकार देतेच. मात्र टेस्ट ट्यूब बेबीच्या वारंवार कराव्या लागणाऱ्या महागड्या फेऱ्या इतर गरजांच्या मागे राहिल्या, तर त्यावर रागावता येणार नाही.

खर्ऱ्याचा वाद मात्र नागपुरात टाळता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे गालात ठेवायचा, तोंड उघडेनासे होईपर्यंत थांबायचे नाही, आणि मग मुखकर्करोगाचा लाखांचा उपचार सरकारने का करावा, असा प्रश्न चहाच्या टपरीवर हमखास निघतो. प्रश्नात राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे, पण हे तत्त्व एकदा मान्य केले की ते खर्ऱ्यापाशी थांबणार नाही. हेल्मेट न घालता वर्धा रोडवर पडलेल्याचे काय, मधुमेह असून गोड न सोडणाऱ्याचे काय, आणि आठवड्यातून दोनदा तेलाचा तवंग असलेला सावजी रस्सा ओरपून पुढे हृदयाला स्टेंट लागलेल्या आमच्यासारख्यांचे काय? प्रत्येक रुग्णाच्या वर्तनाची चौकशी करणारी आरोग्यसेवा महागही पडते आणि क्रूरही होते. शिवाय तंबाखू हे व्यसन आहे, आणि अनेकांना ते कामावर भूक मारण्यासाठी शाळकरी वयातच लागलेले असते. जबाबदारीचा हिशेब करायचाच असेल तर तो विक्रीच्या ठिकाणी, करातून आणि कायद्याच्या अंमलबजावणीतून करावा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तिचे काय झाले ते कोणत्याही पानठेल्यावर दिसते.

कायद्याचे म्हणणे काय आहे, तेही पाहिले पाहिजे. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की तातडीचे उपचार मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला त्यातून सोडवू शकत नाही. पण दोनच वर्षांनी, पंजाब सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय भरपाईच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने कोणत्याही राज्याची साधने अमर्याद नसतात, हे मान्य करून दरांवरील मर्यादा वैध ठरवली. हे निर्णय परस्परविरोधी वाटतात, पण एकत्र वाचले तर रेषा बरीच स्पष्ट होते: दारात आलेल्या जिवाला परत पाठवता येणार नाही, आणि त्यापलीकडच्या उपचारांत राज्य वाजवी मर्यादा घालू शकते.

आता यादीच्या सर्वांत मोठ्या उणिवेकडे येतो, आणि माझ्या दृष्टीने या लेखाचा गाभा तोच आहे. आपली योजना रुग्णालयात भरती होणाऱ्याभोवती रचलेली आहे. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि घरी रोज घ्यायची औषधे बहुतांशी तिच्या बाहेर आहेत. सिकलसेलचा रुग्ण झटका येऊन भरती झाला तर यंत्रणा पैसे मोजायला तयार असते. झटका येऊ नये म्हणून घ्यायच्या कॅप्सूलसाठी मात्र त्याला योजनेऐवजी सरकारी केंद्रातील साठ्यावर विसंबावे लागते, आणि साठा संपला की स्वतःच्या खिशावर. रक्तदाबाची गोळी योजनेत नाही, मेंदूतील रक्तस्रावाची शस्त्रक्रिया आहे. इन्सुलिन नाही, पाय कापणे आहे. याचा अर्थ शस्त्रक्रिया काढून टाकाव्यात असा नाही. पण जिथे एक रुपया सर्वाधिक आयुष्य वाचवतो तिथेच यादी कोरी असेल, तर तिची रचना उलटी आहे असे म्हणावे लागते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला, आणि या खिशातल्या खर्चात औषधांचा वाटा मोठा असतो, हे कोणत्याही मेडिकल स्टोअरवाल्याला विचारले तरी कळेल.

भरतीलाच पैसे मिळतात म्हटल्यावर भरती वाढते, हा त्याचा दुसरा परिणाम. आयुष्मान भारतच्या आधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत बिहार आणि छत्तीसगडमधील काही खासगी रुग्णालयांनी गरज नसताना बायकांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारी इतक्या गाजल्या की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने राज्यांना याबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितले. यादीवरील प्रत्येक नोंद ही रुग्णासाठी आश्वासन असते, तशीच ती रुग्णालयासाठी उत्पन्नाची संधी असते; म्हणून काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात.

वेदनाशामक सेवेचेही असेच झाले आहे. शेवटच्या टप्प्यातील कर्करोगात आयुष्य दोन महिन्यांनी वाढवणाऱ्या महागड्या इंजेक्शनसाठी अर्ज होतात, पण त्या महिन्यांतील वेदना आटोक्यात ठेवणारी मॉर्फिनची स्वस्त गोळी मिळवून देण्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. २०१४ मध्ये अंमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती करून तिची उपलब्धता सोपी केली गेली, तरी ती वेळेत मिळेल याची हमी आजही नाही.

यावर कोणी म्हणेल की सगळेच द्या, निवड करताच कशाला? निवड न करणे हा पर्याय मुळात उपलब्ध नसतो. ब्रिटनची आरोग्यसेवा जुलै १९४८ मध्ये सर्वांना सर्व मोफत या वचनावर सुरू झाली आणि १९५१ मध्येच दातांच्या कवळ्या व चष्म्यांवर शुल्क आले. ती सेवा उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्या निषेधार्थ राजीनामा दिला. सरकारी रुग्णालयात, जिथे कागदावर यादीच नसते, तिथेही यादी असतेच. ती फक्त लिहिलेली नसते. एमआरआयची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळणे, औषध बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी हातात पडणे, व्हेंटिलेटरसाठी कोणाची ओळख आहे का याची शोधाशोध, हे सारे नकारच आहेत. त्यांवर कोणाची सही नसते आणि कारणही नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले, तेव्हा मेडिकल आणि मेयो ही वैद्यकीय शिक्षण विभागाची असल्याने त्या निर्णयाबाहेर राहिली आणि डागा त्यात आले. एकाच शहरात केसपेपरचे पैसे कुठे लागतात हे आजाराने नव्हे, तर मंत्रालयातील खात्यांच्या वाटणीने ठरले.

पैशाची थैली किती मोठी असावी, हा प्रश्नही निवडीपासून वेगळा ठेवता येत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. थैली जाणूनबुजून लहान ठेवून मग महागड्या उपचाराची गरज असलेल्या रुग्णाला इतरांचा विचार करा असे सांगणे अन्याय्य आहे. पण थैली दुप्पट झाली तरी जनुकीय उपचारांसारखे नवे उपाय येतच राहतील, म्हणून निवडीची रीत आताच बसवावी लागेल.

ती रीत कशी असावी, याबद्दल माझे म्हणणे साधे आहे. राज्याच्या यादीत एखादा उपचार घेताना किंवा त्यातून काढताना त्याची कारणे, खर्च आणि अपेक्षित फायदा मराठीतून प्रसिद्ध व्हावा. निर्णय घेणाऱ्या समितीत डॉक्टर आणि अर्थतज्ज्ञांसोबत रुग्णांचे प्रतिनिधी असावेत, आणि विदर्भापुरते बोलायचे तर त्यांत सिकलसेलचा रुग्ण असावा. पूर्वमंजुरी नाकारली गेली तर कारण लेखी मिळावे आणि त्यावर काही दिवसांत दाद मागता यावी. भरतीच्या पॅकेजांसोबत दीर्घ आजारांच्या रोजच्या औषधांचीही यादी असावी, आणि त्यातील कोणते औषध आज साठ्यात आहे व कोणते संपले आहे, हे प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीबाहेरच्या फलकावर रोज सकाळी लिहिले जावे.